धार दाराकडे

१

त्या महिन्यात आमच्या घरात शिरणं कारखान्याच्या गेटातून आत जाण्यापेक्षा अवघड होतं. गेटावर निदान पास दाखवला की सोडतात. आमच्या दारात माझी बायको जयवंता उभी असायची. बाहेरून कुणीही येवो, आधी पायरीजवळच्या दगडावर उभं राहायचं, बादलीतलं पाणी तांब्यानं दोन्ही पायांवर घ्यायचं, बादलीवरच्या फळीवर तांब्या उपडा घालायचा आणि पोत्यावर पाय पुसायचे. मग आत येऊन शेगडीवर हात शेकायचे. एवढं झालं की मगच बाळाच्या खोलीकडे बघायला परवानगी. आमची लेक प्रगती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आम्हाला नात झाली होती. बारशाला तिचं नाव संस्कृती ठेवलं, पण एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव कोण हाक मारणार, म्हणून सगळे तिला बाय म्हणायचे.

मी हिंदुराव. भवानीनगरच्या पुढे कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर तपासण्यात गेली. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. लोक चव घेऊन मत देतात, मी नमुना मागतो. जयवंता म्हणते, तुमाला देव भेटला तरी त्येला आधी नळीत घालशीला.

सकाळी भामाबाई यायची. वस्तीवरची निम्मी पोरं तिच्याच हातून न्हाऊन मोठी झालेली. पाटावर बसून ती दोन्ही पाय समोर लांब करायची, नडग्यांवर बायला उताणं घ्यायची आणि तेलानं मळून काढायची. बायचा या सगळ्या प्रकाराला कडाडून विरोध असायचा. तिचं रडणं कालव्याच्या पलीकडे ऐकू जायचं आणि मला ते फार आवडायचं, कारण घरात बऱ्याच वर्षांनी कुणीतरी जयवंतापेक्षा मोठ्या आवाजात बोलत होतं.

आणि कोयता होता. पाचवीच्या दिवशी पाट्यावरवंट्याशेजारी मांडून जयवंतानं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पूजा झाल्यावर प्रगतीच्या उशाखाली ठेवला, धार दाराकडे करून. आमचा कोयता म्हणजे लोहारानं जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेला, ऊस एका घावात तोडणारा. सव्वा महिना तो तिथून हलवायचा नाही, असं जयवंतानं सगळ्यांना बजावलं. मी विचारलं, का. ती म्हणाली, असतंय तसं. माझ्यासारख्या माणसाला हे उत्तर म्हणजे जेवणातला खडा.

२

मग चोरांची आवई उठली. रात्री आभाळात ड्रोन फिरतात, घरं हेरतात आणि मागोमाग चोर येतात, असं जो तो सांगायला लागला. कऱ्हाटीकडे एका म्हातारीचे कान तोडून सोन्याची फुलं नेली, असं आमच्या ग्रुपवर आलं. कऱ्हाटीच्या ग्रुपवर म्हणे तीच म्हातारी भवानीनगरची होती. हसायला ठीक होतं, पण अंधार पडला की हसू येत नव्हतं. वस्तीवरच्या पोरांनी गस्त सुरू केली. माझा मुलगा ऋषिराज बॅटरी आणि काठी घेऊन रात्रभर बाहेर राहायचा. घरात दोन बायका, एक तान्हं आणि मी. म्हणजे घराच्या रक्षणाला मीच.

एका सकाळी अंगणातल्या बाजेवर मी घरातली सगळी हत्यारं मांडली. सगळ्यात आधी माझी तलवार. निवृत्तीच्या दिवशी फेटा, शाल, नारळ यांच्याबरोबर मिळालेली. सोनेरी मूठ, लाल मखमलीचं म्यान, पात्यावर माझं नाव. तेव्हापासून ती हॉलच्या भिंतीवर होती आणि आल्यागेल्याला मी ती दाखवत असे. दुसरी कुऱ्हाड. तिचा दांडा इतका डुगडुगत होता की उगारली तर पातं चोराच्या आधी माझ्याच टाळक्यात बसलं असतं. शेजारच्या झुंबरतात्यांनी त्यांच्या आजोबांचा भाला आणून दिला. तो हॉलमध्ये आडवा मावेना. वापरायचा तर चोराला विनंती करून अंगणात न्यावं लागलं असतं.

नमुना म्हणून एक ऊस भिंतीला टेकवला आणि तलवारीनं जोर लावून घाव घातला. ऊस वाकला, परत सरळ झाला आणि त्याच्या सालीवर एक पांढरी रेघ तेवढी उमटली. कानशीनं धार लावून बघितली, तर वरचा मुलामा निघाला आणि आतला पत्रा दिसला. तात्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "हिंदुराव, हिच्यानं केक कापा नातीचा."

मला राग आला, तलवारीचा आणि तात्यांचाही. घरात धार असलेली वस्तू एकच उरली होती आणि ती लेकीच्या उशाखाली होती. मी तो विषय काढल्यावर जयवंता दारातच आडवी उभी राहिली.

"बाळंतिनीच्या उशाची वस्तू हाय ती. हालवायची न्हाय."

"लोखंडच पाहिजे ना? त्याच्या जागी तलवार ठेवतो की. कोयत्यापरीस लांब हाय."

"माज्या हातानं न्हाय देनार," ती म्हणाली. "करायचं आसंल तर तुमीच उचला."

मी उचलला. चोर आला तर बाळंतिणीच्या उशाखालून कोयता काढायला मला कोण वेळ देणार, हे मी तिला तीन-तीनदा समजावलं. ते चुकीचं होतं, असं मला अजूनही म्हणता येत नाही. कोयता पुढच्या दाराआड खिळ्याला अडकवला आणि तलवार म्यानातून काढून प्रगतीच्या उशाखाली सरकवली. कुठली बाजू दाराकडे करायची, असं प्रगतीनं विचारलं. मी दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. दोन्ही सारख्याच बोथट होत्या.

"कशीबी ठेव," मी म्हणालो.

३

दुपारची जेवणं झाली की आमचं घर सुस्त पडतं. जयवंता घरामागच्या गोठ्यात जाते आणि म्हशींसाठी उसाच्या वाढ्याची, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याची, कुट्टी करते. कुट्टीचं मशीन चालू झालं की त्याची घरघर सगळ्या घरात ऐकू येते. ऋषिराज गस्तीवरून आलेला, तो वरच्या खोलीत मेल्यासारखा झोपायचा. आतल्या खोलीत प्रगती आणि बाय. मी हॉलमध्ये खुर्चीवर पेपर धरून बसतो. अंगणात कारखान्याची काजळी हळूहळू खाली येत असते आणि मळीचा वास असतो. बाहेरच्याला तो सहन होत नाही, आम्हाला त्याच्याशिवाय झोप येत नाही.

दारात कुणी आल्याची चाहूल लागली की मी वर न बघता "या" म्हणतो. हे माझ्या वडिलांपासूनचं आहे. कोण आलंय ते बघून या म्हणणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात.

त्या दुपारी तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला. एका पायावर पाणी पडलं, मग दुसऱ्यावर. तांब्या फळीवर उपडा ठेवल्याचा टक् असा आवाज झाला.

"या," मी म्हणालो.

कुणी आलं नाही. पाय पुसत असतील म्हणून मी बातमी वाचत राहिलो. ती संपल्यावर मान वर केली तर दारात ऊन आणि अंगणात कोंबड्या. उठून बघितलं. दगड ओला होता आणि त्याच्या खळग्यातलं पाणी अजून हलत होतं. पोतं पायाला ओलसर लागलं.

झुंबरतात्या येऊन परत गेले असतील, असं मला वाटलं. फोन केला तर ते फडात ट्रॅक्टर भरत होते आणि मागे तोडणीवाल्यांचा गलका ऐकू येत होता. मग कावळा म्हटलं. कावळे बादलीशी येतात, हे खरं आहे. पण तांब्या उपडा घालणारा कावळा मी तरी बघितला नव्हता. जयवंतानं तर म्हशींना पाणी नेलं नसेल? तिला विचारलं. ती म्हणाली, म्हशींना काय मी तांब्यानं पाजते.

तो आवाज रोज येत नव्हता. दोन-चार दिवस काहीच नसायचं आणि मला वाटायचं, कान वाजले असतील. मग एखाद्या दुपारी पुन्हा तसाच. घाई नाही, चोरपावलं नाहीत. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यानं पाय धुवावेत तसं सावकाश, दोन्ही पायांवर. आणि मी प्रत्येक वेळी, पेपरमधून मान वर न काढता, "या" म्हणून गेलेला असायचो. सवय ती सवय.

शेवटी मी नमुना घेतला. जेवणानंतर बादली काठोकाठ भरून ठेवली. आवाज झाल्यावर जाऊन बघितलं. पाणी बोटभर उतरलेलं होतं.

४

याच सुमारास बायचं रडणं थांबलं. सगळ्यांना बरं वाटलं. भामाबाईनं तिला पायांवर घेतलं की ती पूर्वी गाव गोळा करायची, आता मुकाट पडून राहायची आणि वर कुठंतरी बघत हसायची. जयवंता म्हणाली, सटवाई हसवतीय. प्रगती म्हणाली, शहाणी झाली माझी बाय. मला मात्र ते रडणं पाहिजे होतं.

एके दिवशी भामाबाईनं बायचं अंगडं काढलं आणि तेलाची वाटी तशीच बाजूला ठेवली.

"हिला तेल कुनी लावलं?" तिनं विचारलं.

"कुनी न्हाय. तुमीच आत्ता लावनार," प्रगती म्हणाली.

भामाबाईनं बायच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात नाकाशी नेला. "ह्यो माजा हात न्हाय," ती म्हणाली. "माज्या हाताखालच्या लेकराला दुसऱ्या बाईचा हात लागला की कळतं मला. कुनी घेत आसंल तर सांगा बाई. दोन हात बरं न्हायत लेकराला." तिला राग आला होता. मी तो धंद्यातला राग समजलो.

पण अंगणवाडीच्या बाई वजन करून गेल्या तेव्हा त्यांनी काटा पुन्हा पुन्हा बघितला. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं. बाळ दूध नीट पितं ना, असं त्यांनी विचारलं. प्रगती खाली मान घालून म्हणाली, सकाळी थोडंसं पिते, दुपारनंतर तोंड फिरवते. पोट गच्च असतं. जबरदस्ती केली तर ओठ मिटून घेते.

बारामतीच्या डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी तपासलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले, थेंब लिहून दिले. येताना प्रगतीच्या मांडीवर बाय होती. तिच्या मनगटाचं हाड मला दिसलं. त्या दिवसापासून मी नीट झोपलो नाही. एवढासा जीव आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि हसत होता.

घरी आल्यावर मी प्रगतीला विचारलं, दुपारी बाळ कुणाजवळ असतं.

"आई घेती की," ती म्हणाली. "मला झोप लागती, पर आई आल्याचं कळतं. पाय लांब करून बसती आन बायला पायावर घेती. गुनगुनती कायतरी. मला लई बरं वाटतं, दादा."

मी "बरं" म्हणालो. दुपारी जयवंता कुठं असते, ते मला माहीत होतं. कुट्टीचं मशीन आपोआप चालत नाही. हे मी लेकीला सांगायला पाहिजे होतं, पण बाळंतिणीला भीती घालू नये म्हणतात, आणि खरं तर भीती मलाच वाटली होती.

त्या संध्याकाळी मी शेगडी नीट बघितली. आपण हात शेकतो ते वीतभर वरून. राखेत मात्र एक खोल दाबलेला तळवा होता, बोटांसकट. निखारे त्याच्या खाली चिरडले गेले होते.

५

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी खुर्चीत बसलो नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. तिथून पुढचं दार दिसत नाही, पण शेगडी दिसते आणि तिच्या पलीकडे आतल्या खोलीचं दार. त्या दाराला पडदा आहे. तो जमिनीपासून हातभर वर संपतो.

मागे कुट्टीचं मशीन सुरू झालं. बराच वेळ दुसरं काहीच नव्हतं. मला माझ्या लपण्याची लाज वाटायला लागली. म्हातारा माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा उभा, हे ऋषिराजनं बघितलं असतं तर गस्त सोडून मलाच धरलं असतं.

तांब्या बुडाला. एका पायावर पाणी, दुसऱ्या पायावर पाणी. टक्. मग पोत्यावर पाय पुसल्याचा आवाज, घोळून घोळून.

"या" तोंडाशी आलं होतं. ते मी दात आवळून आत ठेवलं.

पुढचं पाऊल ऐकू आलं नाही. मला वाटलं, माझ्या न म्हणण्यानं ते दारातच थांबलं. आत येण्याची परवानगी मी इतके दिवस देत होतो की काय, असाही विचार आला. पण तेवढ्यात शेगडीतले निखारे लाल झाले, वारा नसताना, आणि राख एका बाजूनं दबली. मी डोळे मिटले. किती वेळ ते सांगता येणार नाही. उघडले तेव्हा शेगडी पुन्हा करडी होती.

पडद्याखाली दोन तळपाय होते.

टाचा जमिनीला, बोटं वर, एकमेकांशेजारी. भामाबाई बसते तसं कुणीतरी पाय लांब करून आत बसलं होतं. तळपाय ओले होते. जयवंता, असं मला वाटलं आणि एवढा जीव भांड्यात पडला की मी तिला हाक मारणार होतो. मागे कुट्टीचं मशीन घरघरत होतं. मधेच ते थांबलं आणि म्हशीला शिव्या घालणारा जयवंताचा आवाज गोठ्यातून आला.

आमची आतली खोली चांगली लांब आहे. प्रगतीचा पलंग पलीकडच्या भिंतीला. पलंगाला टेकून कुणी पाय लांब केले तर ते खोलीच्या मध्यापर्यंतही येत नाहीत. हे पाय उंबऱ्याला टेकले होते. आणि बायचा हुंकार पलंगाजवळून येत नव्हता, दाराजवळूनही नाही. तो कुठंतरी मधे होता, त्या पायांच्या लांबीवर.

मी धावलो, पण आत नाही. आधी कोयता घ्यायला पुढच्या दाराकडे धावलो. खिळ्यावरून काढून परत फिरेपर्यंत तळपाय नव्हते.

पडदा बाजूला केला. प्रगती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. बाय जमिनीवर दुपट्यावर उताणी पडली होती, अंग तेलानं चकचकीत, पोट गच्च. ती वर बघत होती. माझ्याकडे नाही. छताच्या जरा खाली, जिथं कुणाचंही तोंड असायचं कारण नाही, तिथं बघून ती हसत होती. आणि माझी तलवार उशाखाली नव्हती. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी केली होती, बसायला अडचण होते म्हणून एखादी वस्तू बाजूला ठेवावी तशी. पात्यावर माझ्या नावावर तेलाची बोटं उठली होती.

६

मी त्याच क्षणी कोयता प्रगतीच्या उशाखाली ठेवला. धार दाराकडे. ते जयवंतानं बघितलं, कारण ती मशीन बंद करून तेवढ्यात आत आली होती. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला मधेच अडवलं नाही. शेवटी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आता कोयता हाय न्हवं उशाला. आता न्हाय यायचं."

आणि खरंच, दगड कोरडा राहिला. पहिल्या दुपारी कोरडा, दुसऱ्या दुपारी कोरडा. मी रोज जाऊन हात लावून बघायचो. बादली काठोकाठ भरलेली तशीच असायची. कोरड्या दगडावर इतकं प्रेम कुणी केलं नसेल. मला जेवण गोड लागायला लागलं. चोरांची आवईसुद्धा आपोआप विरली. ऋषिराज घरात झोपायला लागला. भाला परत न्यायला झुंबरतात्या आले, तेव्हा मी त्यांना केकची आठवण करून दिली आणि आम्ही दोघं हसलो.

फक्त बाय रडत नव्हती. मी मनाची समजूत घातली, की सवय मोडायला वेळ लागेल. दूध पिईल हळूहळू. अंगणवाडीच्या बाई पुन्हा आल्या आणि काट्याकडे बघून त्यांनी वही मिटली. तिला कुठं मोठ्या ठिकाणी दाखवता का, एवढंच म्हणाल्या. जावई दिग्विजय तिकडून पिंपळीहून रोज फोन करायचा. सव्वा महिना झाला की त्याच दिवशी दोघींना घेऊन जातो आणि पुण्याला दाखवतो, असं त्यानं ठरवलं होतं.

मग भामाबाई एका सकाळी न्हाऊ घालायची थांबली आणि हात धुऊन उभी राहिली.

"मी उद्यापासनं येत न्हाय, हिंदुराव. तुमी कुनी सांगत न्हाय तर नगा सांगू. पर आजबी तेल हाय लेकराच्या अंगाला. ताजं हाय."

ती गेल्यावर मी शेगडीकडे गेलो. राखेत तळवा होता.

मी पुन्हा बाहेर आलो आणि दगडाला हात लावला. कोरडा. ऊन लागून कोमट झालेला. किती दिवस त्यावर पाणी पडलं नव्हतं ते त्याच्या रंगावरूनच कळत होतं. तिथंच पायरीवर मी बसून राहिलो. बाहेरून येणाऱ्यानं पाय धुवायचे असतात. जो बाहेर गेलाच नाही, त्याला पाण्याचं काय काम? त्या दुपारी मी पडदा बाजूला केला तेव्हा खोली रिकामी आहे असं मला वाटलं होतं, आणि मी घाईघाईनं कोयता ठेवून, धार दाराकडे करून, वाट बंद केली होती.

७

सव्वा महिना झाला. दिग्विजय संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता. ते जे काही होतं ते त्यांच्याबरोबर गाडीत बसेल, असं मला राहून राहून वाटत होतं. ते होण्याच्या आत मला वाट मोकळी करायची होती.

जेवणानंतर जयवंता प्रगतीला न्हाणं घालायला मागच्या मोरीत घेऊन गेली. ऋषिराज कारखान्यावर गेला होता. बाय पलंगावर झोपली होती. तिला एकटीला सोडायचं माझ्या जिवावर आलं, पण मी दारात उभा राहिलो तर दुसऱ्या कुणाला दारातून जाता येणार नाही, हेही दिसत होतं. मी उशाखालून कोयता काढला. पुढचं दार सताड उघडलं. पोतं नीट केलं. पाहुण्याला निरोप देताना करतो तसं सगळं केलं, आणि हात जोडले. कुणाला, ते माहीत नाही. मी देवाला नळीत घालणारा माणूस, पण त्या दुपारी मी रडत होतो आणि म्हणत होतो, लेकरू सोड, बाकी काय पाहिजे ते घे आणि जा.

मग कोयता घेऊन अंगण ओलांडलं, थेट कालव्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तिथून उघडं दार नीट दिसत होतं. दाराच्या आत हॉल, हॉलच्या आत पडदा. कालव्याचं पाणी संथ चाललं होतं. अंगणात काजळी पडत होती. मी दारावरून नजर हलवली नाही. बाहेर काही आलं नाही. एकदा पडदा हलला, तो वाऱ्यानं हलला असेल. कारखान्याचा भोंगा झाला आणि पाळी सुटली.

मागून न्हाणीचा आवाज येत होता. जयवंता प्रगतीला काहीतरी समजावत होती, प्रगती हसत होती. एवढा वेळ पुरे, असं मी ठरवलं. जायचं असेल ते गेलं असेल. जाणारा दिसलाच पाहिजे असं कुठं आहे, येताना तरी कुठं दिसला होता? असं म्हणत मी परत निघालो. पायरीशी आल्यावर दगड बघितला. कोरडा होता. मी जाणाऱ्याची खूण शोधत होतो, पण जाताना कुणी पाय धूत नाही, हे मला तेव्हा आठवलं.

आत बाय हसली. खुदुखुदु, आवाज करून. एवढं लहान मूल आवाज करून हसत नाही.

मी दगडावर उभा राहिलो. कोयता काखेत धरला, धार आपोआप दाराकडे आली. हात आपल्या आपण बादलीकडे गेले. एका पायावर पाणी घेतलं, मग दुसऱ्यावर. महिनाभराची सवय होती. तांब्या फळीवर उपडा ठेवला. टक् झालं.

माझ्या खुर्चीच्या बाजूनं पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, वर न बघता म्हणावं तसं, कुणीतरी म्हणालं,

"या."